गंजलेली सळई, फुटलेले काँक्रीट: एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या नोंदी

इमारत: तळमजला अधिक तीन, १६ सदनिका, मुंबईचे पश्चिम उपनगर, समुद्र साधारण ३०० मीटरवर. बांधकाम १९८५. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), म्हणजे त्या काळचे एम १५ (ताकद १५ न्यूटन प्रति चौरस मिमी). सळया पीळ दिलेल्या टोर. कॉलम २०, सगळे २३० × ३८० मिमी. समुद्राकडच्या रांगेत कॉलम १ ते ५.

९ ऑक्टोबर २०२३

पाऊस थांबला, भिंती सुकू लागल्या. आज फक्त हातोडी, तडा मोजायची पट्टी आणि खडू. प्रत्येक कॉलम, बीम आणि स्लॅबची खालची बाजू वाजवून घेतली. खणखणीत आवाज आला की पुढे जायचे, बद्द आवाज आला की तेवढ्या भागाभोवती खडूने कुंडली काढायची. बद्द वाजणारा भाग दिसणाऱ्या तड्यापेक्षा हमखास मोठा निघतो. दुसऱ्या मजल्यावर एका नहाणीखाली तडा हातभर होता, कुंडली झाली जवळजवळ दीड चौरस मीटरची.

तड्यांची वर्गवारी इथेच केली, कारण पुढची सगळी मोजमापे तिच्यावर अवलंबून आहेत. गिलाव्याचे तडे जाळीसारखे आणि उथळ असतात. भाराने आलेला तडा सळईला आडवा जातो. गंजाचा तडा मात्र सळईच्या अंगाने धावतो: कॉलमवर कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटर आत उभा, बीमच्या पोटाला लांबीच्या दिशेने, स्लॅबला सळयांच्या अंतराने समांतर रेघा. त्यातून तांबूस ओघळ आला असेल तर शंकाच नको. ओघळ नसला तरी दिशा पुरते.

कॉलम १ (नैर्ऋत्य कोपरा): जमिनीपासून १.८ मीटरपर्यंत उभा तडा, रुंदी १.५ मिमी. कॉलम २ आणि ५: ०.४ ते ०.८ मिमी. कॉलम ४: पूर्वीची जुनी पॅच (तुकड्यापुरता मसाला भरून केलेली दुरुस्ती) शाबूत आहे, पण तिच्या वर आणि खाली नवे तडे. यावर स्वतंत्र विचार करायचा आहे. नहाण्यांखालचे स्लॅब: ११ ठिकाणी पोपडे किंवा उघड्या सळया.

१३ ऑक्टोबर

चाचण्या. कव्हरमीटरने स्लॅबचे कव्हर (सळईवरचे काँक्रीटचे आवरण) ८ ते १५ मिमी, कॉलमचे ३५ ते ४२. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला १५ मिमी चालत होते. २००० च्या आवृत्तीत समुद्रकाठच्या वातावरणासाठी किमान एम ३० आणि ४५ मिमी कव्हर लागते.

फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलणारे रसायन) ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर, धूळ ब्रशने झाडून, मग फवारले. ड्रिलची धूळ राहिली तर गुलाबी रंग भलतीकडे पसरतो आणि आकडा फसवा येतो. गुलाबी झाले ते काँक्रीट अजून अल्कधर्मी, पांढरे राहिले ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मारलेले, म्हणजे कार्बोनेशन झालेले; तिथे सळईचे गंजापासूनचे संरक्षण संपते. स्लॅबमध्ये पांढरा थर सरासरी २७ मिमी, कॉलममध्ये २२ ते २५.

या एका आकड्यात स्लॅबचा सगळा इतिहास आहे. कार्बोनेशनची खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३८ वर्षांत २७ मिमी, म्हणजे गुणक साधारण ४.४. या हिशोबाने १२ मिमी कव्हर साडेसात वर्षांत ओलांडले गेले, १५ मिमी पावणेबारा वर्षांत. २५ मिमी कव्हर असते तर ३२ वर्षे लागली असती. कव्हर दुप्पट झाले की वेळ चौपट होते. कव्हर ब्लॉकऐवजी (ओतताना सळई उचलून धरणारा ठोकळा) खडीचा तुकडा सरकवणे किती महाग पडते, ते इथे दिसते.

कॉलमची गोष्ट वेगळी. तिथे सळईपर्यंत कार्बोनेशन पोहोचलेलेच नाही, तरी सळई गंजली आहे. म्हणून क्लोराइडसाठी (मिठातला गंजवणारा घटक) ड्रिलची भुकटी १५-१५ मिमीच्या टप्प्यांत वेगवेगळ्या पिशव्यांत घेतली. कॉलमवर सळईपाशी विभवही (विजेचा दाब) मोजला, तुलनेला तांबे-तुतिया अर्धघट: कॉलम १ वर उणे ४१० ते उणे ४७० मिलिव्होल्ट. उणे ३५० च्या पलीकडे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. स्लॅबवर मात्र उणे १८० ते २४०, जिथे सळई डोळ्यांना गंजलेली दिसते तिथेही. कोरडे, कार्बोनेशन झालेले काँक्रीट वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे ही चाचणी स्लॅबवर निर्धास्त करणारा आकडा देते. त्यावर विसंबायचे नाही.

उसळीवरून ताकद सांगणाऱ्या रिबाउंड हातोडीचे आकडेही असेच फुगीर आले, कारण कार्बोनेशनने वरचा थर कडक होतो. कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून दाबले तेव्हा खरे समजले: १३ ते १५.५ न्यूटन प्रति चौरस मिमी.

२० ऑक्टोबर

क्लोराइडचे निकाल. कॉलम १, बाहेरून आत: १.४, २.३, १.५, ०.७ किलो प्रति घनमीटर काँक्रीट. नव्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीची मर्यादा ०.६ आहे. सर्वांत जास्त आकडा पृष्ठभागावर नाही, १५ ते ३० मिमीच्या थरात आहे. सिमेंटने बांधून ठेवलेले क्लोराइड कार्बोनेशन होताना सुटते आणि आत ढकलले जाते, त्यामुळे शिखर कार्बोनेशनच्या सीमेच्या आत सरकते. फक्त वरच्या थराची भुकटी तपासली असती तर धोका बराच कमी दिसला असता.

शिखरानंतर आकडे आत उतरत जातात म्हणजे मीठ बाहेरून, वाऱ्यातून आले आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कॉलमांत मात्र चारही थरांत ०.९ ते १.०, सपाट. ते बांधताना पाण्यातून, वाळूतून किंवा काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमधून आले असणार. असे काँक्रीट वरवर खरवडून काही साधत नाही. टाकी उतरवून कॉलमांसह नवी बांधायची, असे ठरले.

कुणी विचारले की एवढ्याशा गंजाने काँक्रीट कसे फुटते, तर हा हिशोब दाखवायचा. १६ मिमीच्या सळईवरून ०.०५ मिमी लोखंड गेले. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते, तिप्पट धरू. म्हणजे सळईची त्रिज्या ०.१ मिमीने आणि परीघ ०.६ मिमीने वाढायला बघतो. थोडा गंज भोवतालच्या छिद्रांत मावतो, उरलेला कव्हरला बाहेर रेटतो. एम १५ ची ताण सोसण्याची ताकद जेमतेम २.७ न्यूटन प्रति चौरस मिमी (०.७ गुणिले १५ चे वर्गमूळ). ती ओलांडली की तडा गेला. आणि तेव्हा सळईचे क्षेत्रफळ घटलेले असते फक्त सव्वा टक्का.

म्हणून सर्वांगाने गंजणाऱ्या सळईचा पहिला केसासारखा तडा हा वेळेवर आलेला निरोप असतो. क्लोराइडचा गंज असा प्रामाणिक नसतो. तो सळईवर एका ठिकाणी खड्डा करतो, सरासरी झीजेच्या चार ते आठ पट खोल, आणि बाहेर तडा अरुंदच राहतो.

३० ऑक्टोबर

टेकू. तोडकामाच्या आधी, कितीही घाई असली तरी. कॉलम १ वर येणारा भार: चार मजल्यांचे स्लॅब (प्रत्येकी साडेतीन चौरस मीटर), बाहेरच्या नऊ इंची भिंती, बीम, सगळे धरून सुमारे २४ टन. पूर्ण उंचीवर एका लोखंडी टेकूला दीड टनापेक्षा जास्त द्यायचे नाही, म्हणून १६ टेकू, दोन्ही बीमांखाली लाकडी वासे आडवे टाकून. वरच्या मजल्यांवर टेकू खालच्या टेकूच्या डोक्यावरच बसला पाहिजे. अर्धा मीटर जरी सरकला तरी भार मधल्या स्लॅबवर येतो, आणि स्लॅब आधीच आजारी आहे. जमिनीवर टेकूखाली २५० मिमी रुंद फळ्या. पेव्हर ब्लॉकवर थेट उभे केलेले चार टेकू काढून पुन्हा लावायला सांगितले.

७ नोव्हेंबर

दिवाळीला मजूर गावी जातील. आजपासून नवीन काहीही उघडायचे नाही. उघडी पडलेली सळई समुद्राच्या वाऱ्यात दहा दिवस ठेवली तर साफसफाईचे काम दुप्पट होते.

तोवर झालेले तोडकाम: कॉलम १ ची एक बाजू. कडेने कटरने १० मिमी खोल चौकट कापून मग फोडले. चौकट न कापता फोडले तर नव्या मालाची कड कागदासारखी पातळ होते आणि पहिल्या उन्हाळ्यात उचकटते. सळईच्या मागे किमान २० मिमी मोकळे केले, बोट फिरले पाहिजे. ब्रेकर ५ किलोचाच. मोठा ब्रेकर मागच्या चांगल्या काँक्रीटला बारीक चिरा पाडतो.

जमिनीपासून ६०० मिमीवर कव्हरचा ढलपा निघाला तेव्हा सळईवर तांबडा गंज नव्हता. काळपट हिरवा, ओला, बोटाला शाईसारखा लागणारा थर होता. तासाभरात डोळ्यांदेखत तो तपकिरी झाला. प्राणवायू कमी, मीठ जास्त, अशा जागी तयार होणारा हा गंज फारसा फुगत नाही, म्हणून बाहेर त्याचा आवाजही होत नाही. थर पुसल्यावर खाली नखाएवढा खड्डा, ४ मिमी खोल. आणि ६ मिमीच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्या) उघडल्या तेवढ्या चारपैकी तीन कोपऱ्यात तुटलेल्या. रिंग सर्वांत बाहेर असते, बारीक असते आणि वाकवताना कोपऱ्यात ताण घेते, म्हणून ती आधी जाते. टोर सळईला तर कारखान्यातच पीळ घातलेला. तो अंतर्गत ताण आणि गंज यांचे सख्य आहे.

२३ नोव्हेंबर

मजूर परत आले. सळ्यांची सफाई. स्लॅबच्या सळयांना तारेचा ब्रश चालला, कॉलमांना नाही. खड्ड्याच्या तळाशी बसलेले मीठ ब्रश काढत नाही, वरून चकचकीत करतो एवढेच. वाळूचा मारा, मग गोड्या पाण्याचा जोरदार फवारा, मग हवेने सुकवणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे: खड्ड्यावर घामासारखे तपकिरी थेंब आले तर मीठ अजून आत आहे, परत धुवायचे. कॉलम १ ला हे तीनदा करावे लागले. आम्लयुक्त गंजनाशक इथे नको, ते सळईच्या मागच्या फटीत राहून जाते.

सफाईनंतरच व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावायचा. स्लॅबची ८ मिमीची सळई काही ठिकाणी ६.५ भरली. ऐकायला दीड मिमी, क्षेत्रफळात ३४ टक्के तूट. २० टक्क्यांच्या वर तूट असेल तिथे शेजारी नवी सळई, हा नियम सगळ्या कामाला लावला. दोन नहाण्यांखाली सळया हाताने वाकत होत्या. तिथे दुरुस्तीचा आग्रह सोडला. तेवढा स्लॅब काढून नवा ओतायचा.

५ डिसेंबर

कॉलम १ चे जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या काँक्रीटचे वेष्टन. पायापर्यंत खणून जॅकेट पायाच्या वरून सुरू केले. जमिनीवरून सुरू केलेले जॅकेट भार कुठेच पोचवत नाही, नुसता अंगरखा होतो. पायात १६ मिमीच्या चार सळया: भोक २० मिमी, खोली २४० मिमी, इपॉक्सीने. भोक हवेने फुंकणे, ब्रश फिरवणे, पुन्हा फुंकणे, असे तीनदा. धुळीवर बसलेले इपॉक्सी धुळीलाच चिकटते. रिंगा ८ मिमीच्या, १५० मिमीवर. जुन्या काँक्रीटला जोडणारे ८ मिमीचे अंकुश ३०० मिमीवर, आलटून पालटून.

जाडी चारही बाजूंनी ७५ मिमी. २३० × ३८० चा कॉलम ३८० × ५३० झाला. वाढलेले क्षेत्र ०.११४ चौरस मीटर, उंची २.९ मीटर, म्हणजे ०.३३ घनमीटर मायक्रोकाँक्रीट (पोत्यातून तयार येणारे, सहज वाहणारे बारीक काँक्रीट). २५ किलोच्या पोत्यात साडेतीन लिटर पाणी घालून १३ लिटर माल होतो, म्हणून २६ पोती आणि हाताशी दोन जादा. पाणी मापाच्या डब्यानेच. पातळ दिसला की सहज ओतला जातो म्हणून मुकादमाचा हात पाण्याकडे जातो; अर्धा लिटर जादा गेले की माल खाली बसतो आणि वरती पाणी तरंगते. ओतणे एकाच बाजूने, दुसऱ्या बाजूला माल वर येईपर्यंत. हवा बाहेर ढकलली जाते ती अशी. व्हायब्रेटर नाही, शटरिंगवर (साच्यावर) लाकडी हातोडीच्या थापा. १.२ मीटरचे टप्पे.

९ डिसेंबर

कॉलम २ ला तळाशी २०० मिमी उंचीत खडीमोहळ (खडीमध्ये पोकळ्या) झाले. शटरिंगच्या सांध्यातून सिमेंटचे दूध वाहून गेले. आधी पाणी भरून पाहिले नव्हते, एवढेच कारण. तेवढा भाग फोडून पुन्हा ओतला. यापुढे प्रत्येक शटरिंगला सांध्यात फोमपट्टी, तळाला मसाल्याची पाळ, मग पाणी भरून दहा मिनिटे थांबायचे. पाणी उतरले नाही तरच ओतायचे. या भरण्याने जुने काँक्रीटही भिजते आणि ते नव्या मालातले पाणी ओढत नाही.

८ जानेवारी २०२४

स्लॅबची दुरुस्ती सुरू करण्याआधी वरच्या नहाण्या. गळतीचा त्रास खालच्याला आणि नहाणी वरच्याची, त्यामुळे हे काम शेवटी ढकलले जाते, आणि तिथेच सगळा खर्च पाण्यात जातो. अकराही नहाण्यांचा जुना कोबा काढला, नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा नव्याने भरला, वॉटरप्रूफिंग भिंतीवर ३०० मिमी चढवले, ४८ तास पाणी भरून खालून पाहिले. नऊ पहिल्या फेरीत कोरड्या. दोन ठिकाणी ट्रॅपशी ओल, पुन्हा उघडून केल्या.

मग खालून पॉलिमर मसाला: ५० किलो सिमेंट, १५० किलो प्रतवारी केलेली क्वार्ट्झ वाळू, १० लिटर लॅटेक्स, पाणी गोळा बांधण्यापुरते. आधी सळईला जस्ताचा प्रायमर, मागच्या बाजूलाही. मागे राहून गेलेल्या उघड्या ठिकाणी गंज एकवटतो, म्हणून आरसा धरून तपासले. मग चिकट लेप, आणि तो बोटाला चिकटत असतानाच मसाला. लेप वाळला तर तोच दोन थरांमधला पडदा होतो. दर थर १०-१२ मिमी, तीन थर. छतावर एकदम ३० मिमी चढवलेला माल स्वतःच्या वजनाने सुटतो.

५ फेब्रुवारी

कॉलम ४ ची जुनी पॅच. या कामातली सर्वांत शिकवणारी जागा हीच, म्हणून सविस्तर.

पॅच फोडून पाहिली. आतली सळई स्वच्छ, मसाला घट्ट, काम वाईट नव्हतेच. आणि पॅचच्या कडेपासून वर २०० मिमी, खाली १५० मिमीवर सळई खोल खाल्लेली. गंज ही विजेची घडामोड आहे. सळईचा एक भाग लोखंड गमावतो, दुसरा भाग प्राणवायू आणि पाणी घेऊन ती वीज स्वीकारतो. मीठ असलेल्या काँक्रीटमध्ये जो भाग आधी गंजत होता, तो नकळत शेजारच्या सळईचे रक्षण करत होता. पॅच मारून तो भाग बरा केला आणि शेजाऱ्यांचे कवच गेले. शेजारीही क्लोराइड मर्यादेच्या वर होतेच, तडा तेवढा गेला नव्हता. नवी पॅच वीज स्वीकारणारा भाग बनली आणि तिची कड गंजू लागली.

म्हणून मिठाने बाधलेल्या कॉलमला ‘जिथे फुटले तिथे भरा’ हे चालत नाही. दोनच मार्ग: बाधित काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत पूर्ण उंचीत काढणे (कॉलम १, २ आणि ५ ला तसे केले), किंवा पॅचच्या कडेला स्वतः झिजून सळई वाचवणारे जस्ताचे ॲनोड बसवणे. कॉलम ३ आणि ४ ला ॲनोड. प्रत्येक पॅचला वर दोन, खाली दोन, कडेपासून १०० मिमीच्या आत. ॲनोडच्या तारा सळईला पिळून बांधल्या आणि मल्टिमीटरने जोड तपासला: १ ओहमच्या आत हवा. एक जोड ४० ओहम दाखवत होता, गंज पूर्ण घासलेला नव्हता.

इथे सळईला प्रायमर लावायचा नाही आणि जास्त पॉलिमरचा मसाला वापरायचा नाही. दोन्ही विजेची वाट अडवतात आणि जस्त नुसते पडून राहते. मसाल्याचा विशिष्ट रोध (वीज अडवण्याचे माप) १५० ओहम-मीटरच्या आत हवा. पुरवठादाराकडून तो आकडा लिहून घेतला. एका ॲनोडची तार मुद्दाम बाहेर काढून डबीत ठेवली, प्रवाह मोजता यावा म्हणून.

२ एप्रिल

होळीनंतर बाहेरचा गिलावा. गंजाच्या दोन तड्यांत इपॉक्सी भरून टाकायची सूचना आली होती, नाकारली. इपॉक्सी भाराच्या, थांबलेल्या तड्यासाठी असते. गंजाचा तडा बुजवला तरी आतला गंज रेटतच राहतो आणि शेजारी नवा तडा काढतो.

रंग कार्बन डायऑक्साइड अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा ॲक्रिलिक, दोन हात. एसीच्या पाण्याच्या नळ्या छज्ज्यावर सोडलेल्या होत्या, त्या सगळ्या खाली नळात घेतल्या. खिडकीच्या जाळ्यांचे खिळे बीममध्ये ठोकलेले, ते काढून भोके भरली. अशा एका भोकातून बीमची रिंग गंजायला लागली होती.

२२ मे

शेवटची मोजणी. कॉलम ३ आणि ४ वर पॅचबाहेर उणे ४०० च्या आसपासचा विभव. ॲनोड जोडलेले असताना असा उणा आकडा गंजाचा पुरावा नसतो, जस्तच सळईला उणे करते. पुढे मोजणाऱ्याने घाबरून फोडाफोड करू नये, म्हणून नकाशावर ॲनोडच्या जागा लाल खुणेने नोंदवल्या. बाहेर काढलेल्या तारेत प्रवाह ०.६ मिलिॲम्पिअर.

१८ जुलै

पावसात पुन्हा हातोडी. नहाण्यांखालच्या स्लॅबांपैकी एक सोडून सगळे कोरडे आणि खणखणीत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ठिकाणी ३०० × २०० मिमी बद्द आवाज. उघडून पाहिले: चिकट लेप वाळल्यावर मसाला चढवलेला, मागे तकतकीत थर दिसतो. सळई स्वच्छ आहे. तेवढा तुकडा काढून ओला पृष्ठभाग, नवा लेप, तीन थर. प्रवाह ०.८ मिलिॲम्पिअर, ओल वाढली की तो वाढतो. पुढची मोजणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, याच खडूच्या खुणांवर.